थोरला, धाकटा आणि हिरवी पुडी

तैवानातल्या ताओयुआन शहरात, क्वेशानच्या चढावर, सोयाबीनच्या दुधाच्या जुन्या दुकानासमोर, लॅपटॉप तयार करणारी एक कंपनी होती. परदेशांतल्या मोठमोठ्या नावांचे लॅपटॉप तिथे जन्माला येत आणि दुसऱ्याचे नाव लावून जगभर जात. माहेर ताओयुआनचे, नाव सासरचे, अशी त्यांची रीत. त्या कंपनीत पेंग युन-जू नावाची एक बाई काम करत असे. तिच्या हातून घडलेली एक गोष्ट लिहून ठेवण्याजोगी आहे, कारण तिच्यात शहाणपण आणि वेडेपण एकाच ताटात वाढलेले आहे.

पेंग युन-जू हिला सगळे जूताई म्हणत. घरी मात्र ती शेंडेफळ होती. ती मूळची शिनपू गावची. तिथे शेतकऱ्यांच्या अंगणात पर्सिमनची, टोमॅटोसारखी दिसणारी केशरी फळे सोलून बांबूच्या परड्यांत वाळत घालतात आणि नवव्या महिन्याच्या कोरड्या वाऱ्याची वाट पाहतात. तिचे वडील हाच धंदा करत. वारा परडीपर्यंत पोहोचतो आहे की नाही, हे परडीमागे हाताची पालथी बाजू धरून पाहायचे, एवढी एक गोष्ट ती वडिलांकडून शिकली. बाकी सारे शाळेत आणि तंत्रनिकेतनात शिकली. वडील गेल्यावर तिने आईला ताओयुआनला आणले. आईने येताना दोन परड्या आणल्याच. पाचव्या मजल्याच्या गच्चीवर त्या दर वर्षी मांडल्या जात आणि शेजारीपाजारी त्यांतली फळे गोड मानून खात.

आता जूताईचे काम काय, हे सांगितले पाहिजे. त्यावाचून पुढचे कळणार नाही.

प्रत्येक लॅपटॉपच्या पोटात दोन कारभारी असतात. एक ऑपरेटिंग सिस्टीम. पडद्यावर जे जे दिसते, जे जे घडते, त्याची ती मालकीण. दुसरी एक नखाएवढी चिप. कोणती कळ दाबली गेली, झाकण उघडे की बंद, बॅटरी किती उरली, आत किती तापले आणि पंखा किती जोराने फिरवावा, ही सगळी घरकामे तिच्याकडे असतात. लॅपटॉप बंद असतो तेव्हाही ती चिप जागी असते. नाहीतर सुरू करण्याचे बटण कोणी दाबले हे कळणार कोणाला? कंपनीतली माणसे ऑपरेटिंग सिस्टीमला थोरला म्हणत आणि चिपला धाकटा म्हणत. धाकट्याचा प्रोग्राम लिहिणे हे जूताईचे काम होते आणि तिचे केस त्याच कामात पिकू लागले होते.

थोरला आणि धाकटा यांच्या बोलण्याची जुनी पद्धत मोठी कंटाळवाणी होती. थोरला सारखा विचारत राही. बॅटरी किती? तितकीच. झाकण? उघडे. तापले का? नाही. बॅटरी किती? अहो, आत्ताच तर सांगितले. धाकट्याला तोंड एक आणि कान एक. तो उत्तर देत असे तेवढ्यात कोणी कळ दाबली, तर त्या कळीला ताटकळावे लागे. शिवाय प्रत्येक प्रश्नासाठी थोरल्याला झोपेतून उठावे लागे. आणि थोरला मोठ्या अंगाचा, तो उठला की बॅटरीचा घास घेतल्यावाचून परत आडवा होत नसे.

जूताईचे म्हणणे असे की हे सर्व उलटे करावे. थोरल्याने निजावे. धाकट्याकडे सांगण्यासारखे काही असेल तेव्हा त्याने घंटी वाजवावी. थोरल्याने उठून एकदाच विचारावे, काय झाले? धाकट्याने सांगावे आणि दोघांनी आपापल्या जागी जावे. पद्धत जगाला अगदी नवी होती असे नाही, पण त्या कंपनीत थोरल्याची चौकशीची सवय कोणी मोडली नव्हती. ज्याला विचारावे तो म्हणे, चालले आहे ना, मग कशाला हात लावायचा. अशी कित्येक मॉडेले आली आणि गेली.

त्या वर्षी मात्र एका परदेशी गिऱ्हाईकाने बॅटरी जास्त टिकली पाहिजे असा हट्ट धरला. विभागाचे प्रमुख च्येन साहेब यांनी बैठक बोलावली आणि कोणाकडे काही उपाय आहे का असे विचारले. जूताई उभी राहिली. बैठकीत उभे राहण्याची तिथे पद्धत नव्हती. तरी ती उभी राहिली.

"साहेब, तुमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते, तेव्हा तुम्ही काय करता?" तिने विचारले.

च्येन साहेब म्हणाले, "मी काय करणार? गाडीचं गाणं वाजलं की बायको माझ्या हातात पिशव्या देते आणि मी खाली पळतो."

"गाणं वाजायच्या आधी दर पाच मिनिटांनी खाली जाऊन बघता का, गाडी आली का म्हणून?"

"एवढा वेडा नाही मी."

"आपला थोरला आहे. तो दिवसभर जिने चढतो आणि उतरतो."

सगळे हसले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेन छी-हंग बसला होता. थोरल्याच्या बाजूने धाकट्याशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तो लिहीत असे. चाळिशीचा, सडसडीत, थट्टेखोर माणूस. त्याचा विभाग वरच्या मजल्यावर होता. तो म्हणाला, "जूताई, बाकी सगळं ठीक. पण तुमची गाडी जर मिनिटामिनिटाला गाणं वाजवत परत यायला लागली, तर? मग आम्ही पिशव्या घेऊन जिन्यातच राहायचं का?"

"माझी गाडी तसली नाही," जूताई म्हणाली.

हे वाक्य पुढे तिला फार दिवस आठवत राहिले.

च्येन साहेबांनी परवानगी दिली. जूताईने धाकट्याचा प्रोग्राम बदलला, वेनने ड्रायव्हर बदलला आणि तयार झालेले लॅपटॉप चाचणीच्या खोलीत ओळीने मांडले गेले.

त्या खोलीत एक रीत पाळली जात असे. तशी ती तैवानभर पाळतात; यंत्र दिसले की पाळतात. मक्याच्या कुरकुरीत खाऊची एक पुडी मिळते. तिच्यावर छापलेल्या नावाचा अर्थ आहे, शहाण्यासारखा वाग. अशी पुडी यंत्राजवळ ठेवली की यंत्र गुणी मुलासारखे वागते असा समज आहे. मात्र पुडी हिरवीच हवी, म्हणजे नारळाच्या चवीची. पिवळी पुडी चालत नाही, कारण यंत्राचा पिवळा दिवा म्हणजे धोका. पुडीची तारीख उलटलेली नसावी. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ती उतरवावी, सर्वांनी वाटून खावी आणि नवी ठेवावी. या रीतीची व्यवस्था जूताईकडे होती. तिला ती कोणी दिली नव्हती. तिने घेतली होती. प्रत्येक लॅपटॉपमागे ती एकेक पुडी उभी करून ठेवी, पाठीला पाठ लावून, म्हणजे पडणार नाही. पुडीवर शाईने लॅपटॉपचे नाव आणि एखादी विनंती लिहिण्याची पद्धत आहे. तिने त्या वेळी लिहिले होते, नीट बोल.

वेनच्या टेबलावर पुडी नसे. एकदा ती आपण होऊन एक घेऊन गेली होती, तेव्हा तो म्हणाला होता की ताई, मी इंजिनिअर आहे, पुजारी नाही. त्यावर ती म्हणाली होती, म्हणूनच तुझा ड्रायव्हर सारखा आजारी असतो.

चाचणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी खोड दिसली. लॅपटॉपवर काही लिहू लागले की अक्षरे मध्येच थांबत, मग एकदम घोळक्याने येत. बंद फाटकाशी अडकलेली माणसे फाटक उघडल्यावर येतात तशी. त्या वेळी थोरल्याला क्षणाची उसंत नसे. बॅटरी तर जुन्या पद्धतीपेक्षाही लवकर उतरे. सुधारणा म्हणून जे आणले, तेच आगीतून फुफाट्यात घेऊन गेले.

कंपनीत अशा खोडीची नोंद संगणकावरच्या तक्रार-व्यवस्थेत होत असे आणि तिच्यापुढे जबाबदार माणसाचे नाव लागत असे. कामे एकमेकांशी समोरासमोर न बोलता त्या व्यवस्थेमार्फत करावीत असा दंडक होता. जूताईने लिहिले की धाकटा नियमाप्रमाणे घंटी वाजवतो, थोरला वेळेवर उठत नाही, ड्रायव्हर तपासावा. आणि वेनचे नाव लावले. वेनने लिहिले की थोरला प्रत्येक घंटीला उठतो, पण घंटी थांबतच नाही, धाकटा तपासावा. आणि जूताईचे नाव लावले. तक्रार खालच्या मजल्यावरून वर आणि वरून खाली जाऊ लागली. दोघांच्या मध्ये एक जिना होता. तो कोणी चढले नाही.

शेवटी च्येन साहेबांनी जूताईला बोलावले. ते रागावले नाहीत, त्यामुळे तिला अधिक वाईट वाटले. ते म्हणाले, "ताई, शुक्रवारी गिऱ्हाइकाकडची माणसं बैठकीला येतायत. तोवर हे जमलं तर ठीक. नाहीतर जुनी पद्धत परत घालू. पुढच्या मॉडेलपासून धाकट्याचा प्रोग्राम बाहेरून विकत घ्यायचं चाललंय, ते तर तुमच्या कानावर आलंच असेल."

ते तिच्या कानावर आले होते. म्हणजे घंटीची पद्धत या वेळी गेली तर कायमचीच गेली असती. वर्षानुवर्षे ज्या एका गोष्टीचा तिने ध्यास घेतला, ती करून पाहण्याची संधी मिळाली आणि हातची निघून चालली, अशी तिची स्थिती झाली. साहेबांनी शेवटी विचारले की दोष तुमचा की वेनचा. ती म्हणाली, वेनचा असावा. तिला तसे खरेच वाटत होते.

त्या दिवशी घरी आईने गच्चीवरच्या परड्यांना वारा मोकळा करून दिला होता. नव्या शेजाऱ्याने कपडे वाळवण्याचा घोडा वाऱ्याच्या वाटेत आणून ठेवला होता. आईने तो स्वतः ओढून बाजूला केला आणि शेजाऱ्याला चार शब्द ऐकवले, असे तिने जेवताना मोठ्या समाधानाने सांगितले. शेजारी काय म्हणाला, असे जूताईने विचारले.

आई म्हणाली, "काय म्हणणार? म्हणाला, आजी, मला काय माहीत. मी म्हटलं, माहीत नव्हतं ना, आता झालं. उद्या ये, दोन फळं देते."

बुधवारी पुड्या बदलण्याचा दिवस आला, कारण गुरुवारी त्यांची मुदत संपत होती. संकटाच्या दिवसांत ही रीत चुकवणे जूताईला शक्यच नव्हते. तिने दुपारच्या डब्यानंतर सगळ्या पुड्या उतरवल्या, फोडल्या आणि विभागात वाटल्या. मग नव्या आणायला ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. तिथे हिरव्या पुड्या संपल्या होत्या. फळीवर पिवळ्या होत्या. दुकानातली मुलगी म्हणाली की चव छान आहे, घेऊन तर पाहा. जूताई म्हणाली की चवीचा प्रश्नच नाही. ती आणखी दोन दुकाने फिरली; शेजारच्या कोणत्या तरी कारखान्यात त्या आठवड्यात नवी यंत्रे बसली होती आणि त्या लोकांनी भागातल्या सर्व हिरव्या पुड्या उचलून नेल्या होत्या. तिने आईला फोन करून बाजारातून आणून ठेवायला सांगितले आणि ती रिकाम्या हाताने परतली. लॅपटॉप उघड्यावर पडल्यासारखे तिला वाटले. तिने त्यांची मनोमन क्षमा मागितली.

आणि दुपारभर एकही लॅपटॉप अडला नाही.

तिने एकावर लिहून पाहिले, दुसऱ्यावर लिहून पाहिले. अक्षरे बोटांमागोमाग येत होती. थोरला निवांत निजला होता. धाकटा कामापुरती घंटी वाजवत होता. सकाळीच तिने प्रोग्राममध्ये एक लहान दुरुस्ती केली होती. तिला वाटले, तीच लागू पडली. घरी जाताना तिने सोयाबीनच्या दुधाच्या दुकानात आईसाठी तिळाची पोळी घेतली आणि त्या दिवसांत पहिल्यांदा ती गुणगुणत जिना चढली. आईने बाजारातून हिरव्या पुड्यांची पिशवी भरून आणली होती.

गुरुवारी सकाळी जूताईने प्रत्येक पुडीवर शाईने लिहिले, असाच वाग. तिने त्या एकेक करून लॅपटॉपमागे उभ्या केल्या, पाठीला पाठ लावून, आणि हात जोडले. चहा पिऊन ती परत आली, तो अक्षरे पुन्हा अडकू लागली होती.

माणसाचा विश्वास किती चिवट असतो ते इथे पाहण्यासारखे आहे. जूताईने सर्वांत आधी पुडीची तारीख पाहिली. तारीख ठीक होती. मग पुड्या बनावट तर नाहीत, असा संशय तिला आला. तिने छपाई तपासली. मग आईने बाजारात घासाघीस करून घेतल्यामुळे पुण्य कमी पडले असेल काय, असेही तिच्या मनात येऊन गेले. एवढे सगळे सुचले, पण जे समोर होते ते सुचले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

शेवटी ती हरल्यासारखी स्टुलावर बसली. लॅपटॉपचा पंखा जोरात फिरत होता, मंदावत होता, पुन्हा जोरात फिरत होता. तो आवाज ऐकता ऐकता तिचा हात आपोआप पुढे गेला आणि लॅपटॉपमागे, पुडीच्या आणि त्याच्या मध्ये, पालथा टेकला. परडीमागे टेकावा तसा.

वारा येत नव्हता. नुसती ऊब होती, कोंडलेली.

गरम हवा बाहेर सोडण्याची फट लॅपटॉपच्या पाठीला होती आणि तिला पुडीची पाठ चिकटून बसली होती. बाहेर पडणारी हवा पुडीवर आपटून परत आत जात होती. आत तापले की धाकटा घंटी वाजवी आणि पंखा वाढवी. किंचित निवले की पुन्हा घंटी वाजवी आणि पंखा कमी करी. लगेच पुन्हा तापे. तापमान एका रेघेवर वर-खाली नाचत होते आणि रेघ ओलांडली की घंटी, असे जूताईनेच लिहून ठेवले होते. कचऱ्याची गाडी मिनिटामिनिटाला गाणे वाजवत परत येत होती आणि थोरला पिशव्या घेऊन जिन्यातच होता.

जूताईने पुडी हातभर मागे सरकवली. थोड्या वेळात पंखा शांत झाला.

इथे तिच्यापुढे एक सोपी वाट होती. सर्व पुड्या मागे सरकवायच्या, गप्प बसायचे, शुक्रवारी लॅपटॉप शहाण्यासारखे वागले असते आणि पद्धत मान्य झाली असती. कोणाला काही कळले नसते. ती वाट तिला दिसली आणि ती काही काळ त्या वाटेकडे पाहत बसली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण लोक लॅपटॉप रजईवर ठेवतात, उशीला टेकवून ठेवतात, हे तिला माहीत होते. तिची स्वतःची आई देवळातली भजने ऐकताना तो मांडीवर शालीत गुंडाळून घेई. शाल काय आणि पुडी काय, फटीला दोन्ही सारखीच. शिवाय तिने साहेबांना वेनचे नाव सांगितले होते, हे मनात टोचत होते.

तिने एक पुडी उचलली आणि ती जिना चढली.

वेन टेबलावर डबा उघडून बसला होता. तिला पाहून त्याने हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. त्याच्या विभागात जूताई आजवर एकदाच आली होती, आणि तेव्हाही पुडीच घेऊन.

"ताई, तक्रार लिहायची जागा संपली काय?" तो म्हणाला.

जूताई म्हणाली, "दोष माझा आहे. पुडी फटीला लावून ठेवली होती मी. हवा कोंडत होती."

वेनने पुडीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. त्याचे ओठ हलू लागले.

"हसायचं असेल तर हसून घे," ती म्हणाली. "मग कामाचं बोलू."

तो हसला. पोटभर हसला, शेजारच्या टेबलांवरची माणसे उठून पाहू लागली. मग डोळे पुसून तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या देवानंच तुमची घंटी बिघडवली."

"बिघडवली नाही. बिघाड दाखवला. पुडी नसती तर हा लॅपटॉप असाच गेला असता आणि कोणाच्या तरी पांघरुणात अडकला असता. मी घंटी वाजवायला शिकवली, पण कधी गप्प बसायचं ते शिकवलं नाही त्याला."

वेन गंभीर झाला. त्याने डब्यातले अंडे इकडून तिकडे केले. मग तो म्हणाला, "तुम्ही आलात म्हणून सांगतो. माझ्याकडेही एक आहे. घंटी वाजली की माझा थोरला एकच गोष्ट विचारतो आणि निजतो. धाकट्याकडे तीन निरोप असले, तर बिचाऱ्याला तीनदा वाजवायला लागतं. मला ते ठाऊक होतं. पण तुमचीच घंटी जास्त वाजते म्हणून मी ते तसंच ठेवलं."

"मेल्या," जूताई म्हणाली, "हे तक्रारीत का नाही लिहिलंस?"

"तुम्ही पुडीचं लिहिलं होतंत?"

तिने त्याच्या डब्याशेजारी खुर्ची ओढली. त्याने अर्धे अंडे तिच्यापुढे सरकवले आणि दोघे कामाला लागले.

त्यांनी जे केले ते सांगायला सोपे आहे. धाकट्याला शिकवले की एकदा तापले म्हणून घंटी वाजवलीस, की चांगले निवल्यावाचून पुन्हा त्याबद्दल तोंड उघडायचे नाही. नुसत्या काठावरच्या चढउताराला हाक मारायची नाही. बारीकसारीक निरोप असतील तर ते ओंजळीत जमवायचे आणि एका घंटीत द्यायचे. कळ दाबली गेली तर मात्र तिला सर्वांच्या आधी वाट द्यायची, कारण तिच्या मागे जिवंत माणसाचे बोट असते. थोरल्याला शिकवले की उठलास तर अर्धवट उठायचे नाही. धाकटा आणखी काही नाही असे म्हणेपर्यंत विचारायचे आणि मगच निजायचे. सांगायला सोपे असले तरी त्यात दोघांची गुरुवारची उरलेली दुपार आणि सबंध रात्र गेली. एरवी तक्रार-व्यवस्थेतून ज्याला आठवडा लागला असता, ते शेजारी बसून झाले.

शुक्रवारी बैठकीत गिऱ्हाइकाकडची माणसे आली. लॅपटॉप मांडले गेले. च्येन साहेबांनी लिहून पाहिले, पाहुण्यांनी लिहून पाहिले. अक्षर अडले नाही. बॅटरीचे आकडे पाहून पाहुण्यांनी मान डोलावली आणि खोड कशी गेली असे विचारले. वेनने जूताईकडे पाहिले. तो काही बोलला नसता.

जूताई उभी राहिली आणि पिशवीतून हिरवी पुडी काढून तिने टेबलावर ठेवली. मग तिने सगळे सांगितले, काही न गाळता. फट, पुडी, घंटी, आणि वेनचे नाव आपण घेतले ते चुकीचे होते, हेही. सांगताना तिचे कान लाल झाले होते. बोलून झाल्यावर तिने ती पुडी लॅपटॉपच्या फटीला घट्ट टेकवली, सर्वांसमोर, आणि म्हणाली, "आता लिहून बघा."

पाहुण्यांनी पुन्हा लिहिले. पंखा जोर करत होता, लॅपटॉपची पाठ तापली होती, पण अक्षरे मात्र बोटांमागोमाग येत होती. धाकट्याने एकदा घंटी वाजवली होती आणि तो गप्प बसला होता.

मग पाहुण्यांतले एक वयस्क गृहस्थ, जे स्वतः तैवानच्याच तैनान शहरातले होते, पुडी उचलून तिची तारीख पाहू लागले. तारीख ठीक आहे, असे म्हणून त्यांनी ती आदराने खाली ठेवली आणि विचारले की बाकीच्या मॉडेलांवर ही परीक्षा केली आहे का.

च्येन साहेब म्हणाले, "अजून नाही. पण आता करणार. ताई, चाचण्यांमध्ये हे लिहून टाका."

"काय नाव देऊ, साहेब?"

"पुडी चाचणी. दुसरं काय देणार?"

अशा रीतीने घंटीची पद्धत त्या मॉडेलात राहिली आणि त्यानंतर आलेल्या मॉडेलांतही राहिली. धाकट्याचा प्रोग्राम बाहेरून विकत घेण्याची गोष्ट त्या वर्षापुरती मागे पडली. पुढच्या वर्षाचे पुढच्या वर्षी. चाचणीच्या खोलीत प्रत्येक लॅपटॉपला दोन पुड्या मिळू लागल्या. एक फटीला टेकवायची, परीक्षेसाठी. दुसरी हातभर मागे, आशीर्वादासाठी. कोणती पुडी कोणती, यात गल्लत होऊ नये म्हणून जूताई परीक्षेच्या पुडीवर काही लिहीत नसे. आशीर्वादाची पुडी कोरी ठेवणे तिला मान्य नव्हते.

बैठकीच्या त्या शुक्रवारी, घरी जाण्याआधी, वेन जिना उतरून खाली आला. त्याच्या हातात एक हिरवी पुडी होती. ती त्याने जूताईच्या संगणकामागे, फटीपासून अंतर राखून, उभी केली. त्याचे अक्षर वाईट होते, म्हणून तिला चष्मा लावून वाचावे लागले. त्याने लिहिले होते, एकदाच हाक मार, मी येतो.

"पुजारी झालास वाटतं," जूताई म्हणाली.

"छे. भूक लागली की खाणार आहे ती."

"मुदत संपायच्या आदल्या दिवसापर्यंत हात लावलास तर बघ," ती म्हणाली आणि पिशवीतून काढून तिने त्याच्या हातावर आईने वाळवलेली दोन फळे ठेवली.